ऑनलाइन कोर्स असा लावा की पोरं त्यात हरवणार नाहीत

ऑनलाइन कोर्स बनवताना आपण शिक्षक मंडळी सगळा जोर कंटेंटवर लावतो, व्हिडिओ चांगला हवा, नोट्स भरपूर हव्यात, सराव प्रश्न हवेत, आणि हे सगळं एकदा गूगल क्लासरूममध्ये (अभ्यास टाकायचं आणि गृहपाठ जमा करून घ्यायचं गूगलचं अॅप) टाकलं की आपलं काम झालं असं वाटतं. पण दहावीतला मुलगा संध्याकाळी वडील कामावरून आले की त्यांचा फोन हातात घेतो, त्याच्याकडे जेमतेम तास-दीड तास असतो, त्यात धाकट्या बहिणीलाही फोन हवाच असतो, आणि त्यातली पंधरा मिनिटं "सरांनी ती पीडीएफ नक्की टाकलीय कुठे" हे शोधण्यात गेली तर तो फोन बाजूला ठेवून देतो. आपल्या रजिस्टरमध्ये मात्र नोंद होते, गृहपाठ केला नाही. मला हे फार लागतं, कारण त्या मुलाला विषय अवघड गेलेला नसतो, त्याला फक्त वाट सापडलेली नसते, आणि ती वाट नीट करणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, त्याला ना पैसे लागतात ना कुठलं ट्रेनिंग.

कोर्स उघडल्यावर मुलाला तीनच प्रश्न पडतात. आत्ता मला काय करायचंय? ते कुठे आहे? झालं की कुठे द्यायचं? या तिन्हींची उत्तरं कुणालाही न विचारता मिळाली पाहिजेत, बाकी सजावट नंतर. मी खाली गूगल क्लासरूम धरून लिहितोय कारण आपल्याकडच्या बऱ्याच शाळांमध्ये तेच वापरतात, आणि उदाहरण म्हणून राज्य मंडळाचं दहावीचं विज्ञान भाग १ घेतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणापासून अवकाश मोहिमांपर्यंतचे दहा धडे. तुमचा विषय दुसरा असला तरी पद्धत तीच राहील.

पहिली गोष्ट, स्ट्रीमवर विसंबून राहू नका

क्लासरूम उघडल्यावर समोर येते ती स्ट्रीम, आणि तिथे नवीन पोस्ट वर, जुनी खाली ढकलली जाते. सूचनेसाठी हे ठीक आहे, पण धड्याच्या नोट्स तिथे टाकल्या की आठ दिवसांत त्या इतक्या खाली जातात की मुलगा स्क्रोल करून थकतो. त्यामुळे नियमच करून टाका की अभ्यासाची एकही गोष्ट स्ट्रीमवर टाकायची नाही, सगळं क्लासवर्कमध्ये, म्हणजे स्ट्रीमच्या शेजारच्या टॅबमध्ये, स्ट्रीमवर फक्त "उद्या तास नाही", "प्रयोगवही आणा" असल्या तात्पुरत्या सूचना. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन क्लासवर्कच्या नोटिफिकेशन स्ट्रीमवर दिसणं बंद करता येतं, ते करा, नाहीतर एकच गोष्ट दोन ठिकाणी दिसते आणि मुलं गोंधळतात की यातलं खरं कुठलं. तिथेच विद्यार्थ्यांना स्ट्रीमवर फक्त कमेंट करू द्यायची, पोस्ट नाही, हेही ठरवता येतं. पहिल्या आठवड्यात "गुड मॉर्निंग सर" च्या पन्नास पोस्ट पडल्या की खरी सूचना कुणाला दिसणार.

क्लासवर्कचे टॉपिक, म्हणजे कप्पे, कसे पाडायचे

सगळ्यात जास्त विचार इथे करावा लागतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

दोन पद्धती दिसतात. काही जण आठवड्याप्रमाणे टॉपिक करतात, आठवडा १, आठवडा २, आणि काही जण धड्याप्रमाणे. आठवड्याप्रमाणे केलं की चालू काम पटकन सापडतं, पण जानेवारीत रिव्हिजन करणाऱ्या मुलाला "उष्णता" हा धडा कोणत्या आठवड्यात झाला होता हे कसं आठवणार? आणि धड्याप्रमाणे केलं तर रिव्हिजनला सोपं, पण जुलैतल्या मंगळवारी आज नक्की काय करायचं हे दहा टॉपिकमध्ये शोधावं लागतं. म्हणून मी दोन्हीचं मिश्रण सुचवतो. सगळ्यात वर एक टॉपिक, नाव "सुरुवात इथून करा". त्याच्या खाली दुसरा, "हा आठवडा". आणि त्याच्या खाली धड्यांचे टॉपिक, पुस्तकातल्याच क्रमाने आणि पुस्तकातल्याच नावाने.

सोमवारी त्या आठवड्याचं काम "हा आठवडा" मध्ये टाकायचं. क्लासरूममध्ये एक असाइनमेंट एकाच टॉपिकमध्ये राहू शकतं, त्यामुळे मुदत संपली की ते तिथून उचलून त्या त्या धड्याच्या टॉपिकमध्ये हलवायचं, म्हणजे "हा आठवडा" परत रिकामा. कॉम्प्युटरवर माउसने ओढून टॉपिक आणि कामं वरखाली करता येतात, फार वेळ लागत नाही. हे दर आठवड्याला न चुकता करणं महत्त्वाचं आहे, कारण एकदा का "हा आठवडा" मध्ये तीन आठवड्यांपूर्वीचं काम पडून राहिलं की मुलांचा त्या नावावरचा विश्वास उडतो आणि मग ती तिथे बघायचंच सोडतात.

धड्यांची नावं बदलू नका ही माझी कळकळीची विनंती. पुस्तकात "विद्युतधारेचे परिणाम" आहे तर टॉपिकचं नावही तेच, "०४ विद्युतधारेचे परिणाम", "इलेक्ट्रिसिटी" नको, "करंटची धमाल" तर नकोच. मुलाच्या हातात पुस्तक असतं, तो पुस्तकातलं नाव स्क्रीनवर शोधतो. सेमी इंग्लिशच्या वर्गासाठी पुस्तकातलं इंग्रजी नाव घ्या, पण मग सगळीकडे तेच घ्या. आणि एका धड्याच्या आतला क्रमही कायम एकच ठेवा, आधी व्हिडिओ, मग नोट्स, मग सराव, मग द्यायचं काम. दहाच्या दहा धड्यांत तोच क्रम. शिकवण्यात वैविध्य हवं हे मान्य, पण मांडणीत वैविध्य आणलं की दर धड्याला मुलगा नव्याने शोधाशोध करतो.

"सुरुवात इथून करा" मध्ये काय ठेवायचं? थोडंच. वेळापत्रक, गृहपाठ कसा जमा करायचा ते दाखवणारा दोन मिनिटांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ, शंका कुठे आणि कधी विचारायची, आणि पाठ्यपुस्तकाची लिंक. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तर अख्खं पुस्तक प्रत्येक धड्याला परत परत अपलोड करू नका, इथे एकदाच लिंक द्या आणि बाकी ठिकाणी फक्त पान नंबर लिहा. दीक्षा या सरकारी अभ्यास-अॅपचंही तसंच, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून मिळणारा एखादा व्हिडिओ द्यायचा असेल तर थेट त्या व्हिडिओची लिंक द्या, "दीक्षा अॅपवर जाऊन बघा" असं म्हटलं की निम्मी मुलं पहिल्या स्क्रीनवरच अडकतात.

नावं आणि सूचना

प्रत्येक कामाच्या नावातूनच कळलं पाहिजे की आत काय आहे. "असाइनमेंट ३" यातून काहीच कळत नाही. "०५ उष्णता – सराव – विशिष्ट उष्माधारकतेची ५ उदाहरणं" हे लांब आहे पण उघडायच्या आधीच मुलाला अंदाज येतो. फक्त फोनच्या स्क्रीनवर लांब नाव शेवटाकडे कापलं जातं, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी. नंबर ०१, ०२ असेच द्या, कारण १, २, ३ दिलं तर काही फोनमध्ये फाइल डाउनलोड केल्यावर १ च्या खाली थेट १० येतो. मराठी आकडे वापरायचे की इंग्रजी हे एकदा ठरवा आणि मग त्यात बदल नाही, दोन्ही मिसळले की लिस्टचा क्रम बिघडतो.

कामाच्या आत सूचना लिहिताना क्रियापदाने सांगा. "व्हिडिओ बघा. पान वाचा. वहीत तीन उदाहरणं सोडवा. वहीचा फोटो जोडा. टर्न इन दाबा." बस. शेवटची ओळ प्रत्येक वेळी लिहाच, कारण फोटो जोडून टर्न इन (काम जमा करायचं बटण) न दाबता बाहेर पडणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, त्यांना वाटतं काम गेलं आणि आपल्याला ते जमा झालेलं दिसतच नाही, मग दोन्हीकडून चिडचिड. ज्यात काही जमा करायचं नाही ते असाइनमेंट म्हणून टाकूच नका, त्यासाठी मटेरियल हा वेगळा प्रकार आहे. नोट्स असाइनमेंट म्हणून टाकल्या की मुलाच्या यादीत न केलेली कामं दिसत राहतात, आणि अशा खोट्या कामांच्या गर्दीत खरं काम बुडतं.

"इथे क्लिक करा" असं लिहून लिंक देऊ नका. लिंकवर तिचं नाव लिहा, "भिंगांच्या किरणाकृती – व्हिडिओ". दृष्टिहीन मुलं टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज, वापरतात, तो लिंक वाचून दाखवतो, आणि एका पानावर पाच वेळा "इथे क्लिक करा" ऐकून त्या मुलाला काय समजणार. वर्गात असं एकच मूल असलं तरी त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं, आणि त्याचा फायदा घाईत असलेल्या बाकी सगळ्यांनाही होतो.

तारखेबद्दल. "उद्यापर्यंत" हा शब्द कोर्समध्ये कुठेच नको, कारण मुलगा ते कधी वाचेल सांगता येत नाही. वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा. क्लासरूममध्ये तारीख टाकून वेळ टाकली नाही तर ती आपोआप रात्री ११:५९ धरली जाते, हे लक्षात ठेवा. आणि शक्यतो मुदतीत एक रविवार येऊ द्या, कारण बऱ्याच घरांत फोन निवांतपणे मिळतो तो रविवारीच. सोमवारी सकाळची मुदत त्यामुळे शनिवारच्या मुदतीपेक्षा कधीही बरी.

फाइल फोनवर वाचता आली पाहिजे

आपण लॅपटॉपवर बनवतो आणि मुलं पाच-सहा इंची स्क्रीनवर वाचतात. ए-फोर आकाराच्या पानावर बारा पॉइंटमध्ये टाइप केलेल्या नोट्स फोनवर मुंगीएवढ्या दिसतात, मग चिमटीने मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, प्रत्येक ओळीला हेच. सोपा उपाय म्हणजे वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये पानाचा आकार ए-फाइव्ह करा, मार्जिन कमी करा, अक्षर चौदा-पंधराचं ठेवा आणि मग पीडीएफ करा. तेवढ्याने झूम न करता वाचता येतं. दोन कॉलमची मांडणी फोनसाठी अजिबात नको.

फॉन्टचं दुखणं खास आपलं आहे. शाळेच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेव असतो, त्यात टाइप केलेली वर्डची फाइल मुलाच्या फोनवर उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. त्याची पीडीएफ केली तर दिसते बरोबर, पण त्यात "अपवर्तन" शब्द सर्च केला तर सापडत नाही, आणि टॉकबॅकलाही वाचता येत नाही. तेव्हा युनिकोडमध्येच टाइप करा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि फोनवर स्वच्छ दिसतात. जुन्या नोट्स युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घाला, तिथे चुका राहतात.

हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो टाकायचे असतील तर दहा सुटे फोटो टाकू नका, स्कॅनर अॅपने सगळ्यांची एक पीडीएफ करा, सगळी पानं उभी, सावली नसलेली.

व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड (म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल असा) टाकणं मला ड्राइव्हपेक्षा बरं वाटतं, कारण रेंज कमी असेल तर यूट्यूब आपोआप क्वालिटी खाली आणतं. चाळीस मिनिटांच्या तासाचं रेकॉर्डिंग तसंच्या तसं न टाकता संकल्पनेप्रमाणे सहा-आठ मिनिटांचे तुकडे करा. तुकडे करणं जमत नसेल तर निदान डिस्क्रिप्शनमध्ये वेळ आणि विषय लिहा, पहिली ओळ ०:०० ने सुरू झाली पाहिजे आणि कमीत कमी तीन ओळी हव्यात, मग यूट्यूब त्याची चॅप्टर बनवतं. इथे आकडे मात्र इंग्रजीच टाका. धातूंची क्षरण प्रक्रिया परत बघायची असलेल्या मुलीला मग सगळा व्हिडिओ पुढे-मागे करत बसावं लागत नाही.

व्हॉट्सअॅपचं काय करायचं

व्हॉट्सअॅप ग्रुप असणारच, तो बंद करा असं मी म्हणणार नाही, पालक तिथेच असतात. फक्त त्याचं काम घंटा वाजवण्यापुरतं ठेवा. नोट्स तिथे, गृहपाठ तिथे, क्लासरूममध्येही थोडं, असं केलं की दोन अर्धवट कोर्स तयार होतात. क्लासरूममधल्या प्रत्येक कामाच्या तीन टिंबांमध्ये लिंक कॉपी करायची सोय आहे, ती लिंक आणि एक ओळ ग्रुपवर टाका: "विज्ञान १, धडा ६, सराव टाकलाय, सोमवार सकाळी १० पर्यंत". मुलगा लिंक दाबतो, थेट त्या कामावर पोचतो.

पण इथे एक अडचण येते जी बहुतेक शिक्षकांच्या लक्षातच येत नाही. फोन वडिलांचा, त्यात वडिलांचं जीमेल आधीपासून, मुलाचं अकाउंट नंतर जोडलेलं. लिंक उघडते ती वडिलांच्या अकाउंटमधून, आणि समोर येतं की तुम्हाला परवानगी नाही. मुलाला वाटतं सरांनी काम काढून टाकलं. किंवा तो ड्राइव्हवर परवानगी मागतो आणि आपल्याला अनोळखी नावाचा मेल येतो, आपण तो सोडून देतो. म्हणून वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात अकाउंट कसं बदलायचं ते प्रत्येक मुलाकडून करून घ्या, वरच्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबायचं आणि आपलं नाव निवडायचं, एवढंच असतं. हे "सुरुवात इथून करा" मधल्या व्हिडिओतही दाखवा. कुणाचा फोन मराठीत असतो, कुणाचा इंग्रजीत, त्यामुळे बटणाचं नाव सांगताना जागाही सांगा, "खालच्या पट्टीतलं दुसरं बटण".

सगळ्या विषयांचं एकच रूप

तुमचा विज्ञानाचा कोर्स कितीही छान लावलात तरी त्या मुलाला गणित, भाषा, इतिहास, भूगोल सगळेच कोर्स आहेत. प्रत्येक सर-मॅडमनी आपापल्या मनाने मांडलं तर त्याला सात-आठ वेगवेगळ्या मांडण्या लक्षात ठेवाव्या लागतात. एसटी स्टँडवर प्रत्येक फलाटाचा फलक वेगळ्या जागी लावला तर जे होईल तेच इथे होतं. म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून जूनमध्ये एक तास बसा आणि चारच गोष्टी ठरवा: वरचे दोन टॉपिक कोणते, कामाला नाव कसं द्यायचं, मुदत कोणत्या वारी, शंका कुठे विचारायच्या. आठवड्याचे वार विषयांना वाटून घ्या, सगळ्यांची मुदत एकाच सोमवारी आली तर पोरं काय करणार. मग एका जणाने एक नमुना क्लास बनवायचा आणि बाकीच्यांना त्यात सहशिक्षक म्हणून घ्यायचं, म्हणजे त्यांना त्याची कॉपी काढता येते. कॉपी केल्यावर टॉपिक आणि कामं येतात, कामं ड्राफ्ट म्हणून येतात, मुलांची नावं येत नाहीत, त्यामुळे कुणाला काही दिसायच्या आधी आपल्या विषयाप्रमाणे बदल करता येतात.

हे जमवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आणि माणसांच्या दृष्टीने अवघड आहे, प्रत्येकाला आपली पद्धत प्यारी असते. तरी यातून जेवढा फायदा होतो तेवढा बाकी कशातूनच होत नाही असं माझं ठाम मत आहे.

ज्या शाळांत मूडल आहे, म्हणजे क्लासरूमसारखंच ऑनलाइन कोर्स चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे वरचंच सगळं लागू होतं, फक्त टॉपिकऐवजी सेक्शन. बाजूचे नको असलेले ब्लॉक बंद करा, फोनवर त्यांची नुसती गर्दी होते. अॅक्टिव्हिटी कंप्लीशन चालू करा म्हणजे काय झालं आणि काय राहिलं हे मुलाला दिसतं. मूडलच्या अॅपमध्ये मजकूर आधी डाउनलोड करून नंतर नेटशिवाय वाचता येतो, रेंज नसलेल्या गावांत हे फार उपयोगी, मुलांना ते नक्की दाखवा.

मुलांकडून तपासून घ्या

कोर्स तयार झाला की आधी दुसरं जीमेल अकाउंट काढून स्वतः विद्यार्थी म्हणून त्यात जॉइन व्हा, आणि लॅपटॉपवर नाही, फोनवर बघा. शिक्षकाला दिसणारी स्क्रीन आणि मुलाला दिसणारी स्क्रीन यात फरक असतो.

पण खरी तपासणी मुलांकडूनच होते. चार-पाच मुलं निवडा, सगळी हुशार नकोत, एखादा फोन कमी हाताळणाराही असू दे. युझेबिलिटीवर, म्हणजे एखादी साइट वापरायला किती सोपी आहे यावर, काम करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांकडून तपासून घेतलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात, आणि शाळेत ते सहज जमतं. एकेकाला फोन द्या आणि सांगा, "प्रकाशाचे अपवर्तन या धड्याच्या नोट्स शोध", "या आठवड्याचं काम कधी द्यायचंय ते सांग", "तुझे मागच्या टेस्टचे मार्क बघ". आणि मग गप्प बसा. बोट दाखवायचं नाही, "अरे वर बघ ना" म्हणायचं नाही. तो कुठे थांबतो, कुठे चुकीचं दाबतो, कुठून परत येतो हे लिहून ठेवा. तीन मुलं एकाच जागी अडकली तर त्या जागेचं नाव किंवा क्रम बदला, मुलांना समजावत बसू नका, कारण बाकीच्या वर्गाला समजवायला त्यांच्या घरी आपण नसणार. तीन क्लिकच्या आत सगळं सापडलं पाहिजे असा एक नियम सांगतात, मी तो फार मनावर घेत नाही, चार वेळा दाबावं लागलं तरी चालेल पण प्रत्येक वेळी काय दाबायचं याची खात्री वाटली पाहिजे.

हीच तपासणी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत एकदा करा, तोपर्यंत कोर्समध्ये भरपूर सामान साठलेलं असतं आणि जूनमध्ये नसलेल्या अडचणी तयार होतात. त्याच वेळी जुन्या लिंक दाबून बघा, यूट्यूबवरचे दुसऱ्यांचे व्हिडिओ कधीकधी काढून टाकलेले असतात.

वर्ष संपलं की क्लास डिलीट करू नका, अर्काइव्ह करा, म्हणजे मुलांना जुन्या नोट्स बघता येतात पण कुणी त्यात बदल करू शकत नाही. पुढच्या वर्षीसाठी त्याची कॉपी काढा आणि प्रत्येक कामाची तारीख, सूचनांमधले वार, व्हिडिओत तोंडी सांगितलेली मुदत, सगळं तपासून मगच ते प्रसिद्ध करा.